मागचं डावं दार

काळ्या गाडीवर नुसतं बोट टेकलं तरी दिसतं. पांढऱ्या गाडीवर आठवडाभराची धूळ खपून जाते, काळीवर नाही. म्हणून मोहिनीनं भर दुपारी बापाच्या वॉशिंग सेंटरचं शटर खाली ओढून घेतलं. मांजरसुंब्याच्या चौकातून उसाचे ट्रक जात होते. त्यांच्यामागं उडणारा फुफाटा गाडीवर बसला असता आणि फडक्याखाली येऊन त्याचे ओरखडे उमटले असते.

गाडी प्रविणची होती. दिंद्रुडकडचं स्थळ. उद्या साखरपुडा होता, आणि नवरा मुलगा चकचकीत गाडीतून उतरावा म्हणून त्याच्या घरच्यांनी ती आदल्या दिवशी होणाऱ्या सुनेच्याच बापाकडं पाठवून दिली होती. मोहिनी महिनाभर नको म्हणत होती. प्रविणची पहिली बायको बबिता लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेली. कशानं, तर तापानं. कसला ताप, कुठल्या दवाखान्यात, असं विचारलं की घरातल्या सगळ्यांना एकदम कामं आठवायची.

"अण्णा, मी उद्या त्यांच्यासमोर येणार न्हाई," ती सकाळी पुन्हा म्हणाली होती.

"शब्द दिलाय मी," तानाजी म्हणाला.

"तुमी दिलाय ना? मग तुमीच बसा पाटावर."

चंद्रभागाबाई आत्यानं कपाळावर हात मारला. "बीएस्सी केली अन् पोरीची जीभ लई लांब झाली. कावून असं बोलावं गं बापाला?"

मोहिनीनं मेणाचा डबा उचलला. पॉलिशचं काम तिच्याइतकं तिथं कुणाच्याच हाताला नव्हतं. शिवाय त्या घराबद्दल कुणी काही सांगत नव्हतं, निदान गाडी तरी काही सांगेल, असं तिला वाटलं.

काळ्या रंगावर हात गोल फिरवायचा नसतो, सरळ ओढायचा असतो. नाहीतर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. मेण लावायचं, वाळून दुधाळ होऊ द्यायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. पत्र्याखाली उकाडा मावत नव्हता. मेणाचा गोडसर वास डोक्यात चढत होता. टाकीच्या कठड्यावर मोबाइल गाणी वाजवत होता. बॉनेट झालं, टप झाला, उजवी बाजू झाली. मागच्या डाव्या दाराला मेण लावून ती घोटभर पाणी प्यायली आणि परत आली.

सगळं दार दुधाळ झालं होतं. मधे फक्त एक हाताचा पंजा काळाच राहिला होता.

तिला नवल वाटलं नाही. नवी गाडी आली की घरची सून तिच्यावर हळदीचा हात उमटवते. तो वेळेत धुतला नाही आणि वर ऊन लागलं की रंगात डाग बसतो. असे डाग तिनं काढले होते. तिनं मेण पुसलं, दार घासलं, पुन्हा मेण लावलं. वाळेपर्यंत वाट पाहिली.

आता दोन पंजे होते.

आणि हळदीचा हात टेकवून उचललेला असतो. हे हात घसरत खाली आले होते... दहाही बोटांच्या लांब रेषा सोडत.

मोहिनीनं दार उघडलं. आतल्या बाजूनं दाराचं कापड नखांनी ओरबाडलेलं होतं. खोलवर, कडीच्या भोवती.

"ताप म्हणं," ती पुटपुटली. हे अण्णांना दाखवलं की संपलं, शब्दही संपला आणि साखरपुडाही. नीट पाहायला म्हणून ती आत सीटवर बसली आणि वाकली.

तिच्यामागं दार बंद झालं. जोरात नाही. कुणी झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढून घ्यावं, तसं हळूच.

गाणं थांबलं. मोबाइलवरचा उजेड हलत होता, गाण्याचा आवाज मात्र येत नव्हता. तिनं कडी ओढली, ती सैल हातात आली. पलीकडचं दार, पुढची दोन्ही, सगळ्यांचं तेच. हॉर्न दाबला तर गादी दाबल्यासारखा खाली गेला. आत हळदीचा वास होता. ती ओरडली, दारावर हात आपटत राहिली, आणि घामानं ओले झालेले तिचे तळवे घसरत खाली आले.

शटर वर गेलं. तानाजी आणि आत्या आत आले.

"अण्णा! अण्णा, मी हितं हाय!"

आत्या अगदी काचेशी आली. डोळ्याला डोळा भिडला. मग तिनं काचेत पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आरसाच केलाय गाडीचा," तानाजी म्हणाला. "पोरगी कुठं गेली?"

"ही काय मी."

गाडीच्या मागून एक मुलगी पुढं आली. मोहिनीचाच ड्रेस, मोहिनीचीच वेणी, हातात फडकं. डोक्यावर ओढणी होती, आणि मनगटात हिरव्या बांगड्या.

"अगंबाई! बांगड्या बी भरल्या?" आत्या हरखली.

"उद्याचं कसं मग?" तानाजीनं भीत भीत विचारलं.

"तुमी म्हणाल तसं, अण्णा."

तानाजीचे डोळे भरून आले. आत्यानं तिच्यावरून बोटं कडाकडा मोडली. "आता कशी शहाण्यावानी बोलली!"

आत मोहिनी दोन्ही हातांनी दार बडवत होती. तानाजी खाली वाकला. "हितं बघ गं, हाताचे डाग उठल्यात."

"पुसते मी. तुमी व्हा पुढं, च्या करून ठेवा."

ते दोघं हसत बोलत बाहेर गेले. मुलगी दारापाशी उकिडवी बसली. बरोबर मोहिनीच्या तळव्यांवरून तिनं फडकं सरळ ओढलं, मग पुन्हा ओढलं. पत्र्याच्या या बाजूला मोहिनीचे हात गार पडत गेले.

मग ती मुलगी उठली, काच पुसायला म्हणून तोंड जवळ नेलं आणि 'हा' केला.

काचेवर वाफ धरली नाही.