ठशाची भेग

बसा. ट्रे बघायला आलात, पण ट्रे रिकामा आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आशेला लावून चहा पाजण्यात अर्थ नाही. नाणी मी विकली नाहीत आणि कुणी चोरलीही नाहीत. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर काय झालं ते ऐकून जा.

त्या दिवशी मी बायकोची औषधं आणायला बाहेर पडलो होतो. ती बाथरूममध्ये घसरली तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. तिला उठवून बसवायचं, कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं. माझंही वय झालंय, नाकी नऊ यायचे. मुलगी परगावाहून फोनवर सांगायची, "बाबा, बाई ठेवा." बाई ठेवली. टिकली नाही. दुसरी ठेवली, तीही गेली. मग मी नाद सोडला.

औषधाच्या दुकानाला लागून मोडीचं दुकान आहे. बाहेरच्या परातीत गंजलेली कुलपं आणि नळाच्या तोट्या पडलेल्या असतात. सवयीनं नजर टाकली आणि पाय तिथेच थांबले. तोट्यांच्या खाली ते नाणं होतं.

माझं खूळ तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो. लोक वर्षावार नाणी गोळा करतात, राजावार गोळा करतात. मी उभा जन्म एकाच प्रकारच्या चांदीच्या नाण्यामागे घालवला. ती सगळी नाणी एकाच पोलादी ठशाखाली पडलेली. त्या ठशाला बारीक भेग गेली होती, आणि टांकसाळवाल्यांनी तो न बदलता तसाच रेटला. भेग वाढत गेली, तशी नाण्यांवर उतरत गेली. नाण्यावर एका बाईचा चेहरा आहे, एका बाजूनं दिसणारा. भेगेची रेघ तिच्या कपाळाच्या कडेला सुरू होते, गालावरून उतरते आणि हनुवटीला पोचते. ठशाच्या भेगेत चांदी शिरते, म्हणून चऱ्यासारखी ती खोल नसते, वर आलेली असते. नख फिरवलं की लागते. मी नकाशे काढणारा माणूस, रेघांवरच पोट भरलं. रेघेच्या लांबीप्रमाणे नाणी ओळीनं लावली होती. पहिली खाच तेवढी रिकामी होती, कारण भेग पडण्याआधीचं, निखळ चेहऱ्याचं नाणं मला कधी मिळालंच नव्हतं. ते त्या दिवशी परातीत मिळालं.

बायको त्या नाण्यावरच्या बाईला माझी पहिली बायको म्हणायची. "आज तिला आंघोळ घातलीत का?" असं विचारायची. मी म्हणायचो, "जुनी चांदी घासत नाहीत, रया जाते." त्यावर म्हणायची, "मग माझ्यापेक्षा तिचंच बरं आहे."

नवं नाणं पहिल्या खाचेत बसवलं, तेव्हा ती पलंगावरून बघत होती. "झाला एकदाचा संसार पुरा? आता जरा इकडे बघा." मी हसलो. पण बघत राहिलो नाण्याकडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "वर कोण ठोकतंय हो?"

"वर कुणी राहत नाही. कुलूप आहे."

"एकच ठोका आला. जड... आणि इथे बघा ना, कपाळाच्या कडेला मुंग्या आल्यात."

मला एका कानानं नीट ऐकू येत नाही, म्हणून मी वाद घातला नाही. बाम चोळला. दिवेलागणीला दिवा जवळ ओढून ट्रे उघडला. नव्या नाण्यावर, बाईच्या कपाळाशी, केसाएवढी रेघ होती.

वाटलं, आपल्याच हातून चरा पडला. नख फिरवलं. रेघ वर आलेली होती.

तुम्ही जाणकार आहात, म्हणून तुम्हाला तरी पटेल. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला दिसत नाही. चरा कुणीही पाडू शकतो, पण तयार नाण्यावर रेघ वर येऊ शकत नाही. ती ठशातूनच यावी लागते, आणि तो ठसा तर कधीच दुभंगून गेलेला. भिंग घेऊन बाकीची नाणी बघितली. सगळ्यांची रेघ एकेक पायरी पुढे सरकली होती. शेवटच्या नाण्यावर जबडाच नव्हता, तिथे चांदीचा नुसता गोळा होता. ट्रे बंद केला आणि तिच्या नजरेआड ठेवला.

मग रोज दुपारी तो ठोका यायला लागला. मला ऐकू यायचा नाही, पण तिचे डोळे मिटायचे त्यावरून कळायचं. ती गालावर बोट ठेवायची. "इथपर्यंत बधिर झालंय." मी संध्याकाळी ट्रे उघडून बघायचो. पहिल्या नाण्यावरची रेघ बरोबर तिथपर्यंत आलेली असायची. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. गोळ्या बदलून दिल्या. तिच्या ओठाच्या एका बाजूनं पेज गळायला लागली. पुसताना तिनं माझं मनगट धरलं.

"अहो... मला इतक्यात जायचं नाहीये हो."

मी थकलो होतो, अगदी मेटाकुटीला आलो होतो. पण ती जावी असं एकदाही मनात आलं नव्हतं. तिच्याशिवाय या घरात मी काय करणार होतो, भिंती बघत बसणार होतो? त्या दिवशी रेघ हनुवटीच्या जवळ आली होती.

सकाळी शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि ट्रे काखेत मारून सोनाराकडे गेलो. नाणीच नसतील तर भेग उतरणार कशावर, एवढाच विचार डोक्यात होता.

सोनार म्हणाला, "साहेब, असली नाणी मुशीत घालून वितळवतात का? एखादं तरी आठवण म्हणून ठेवा."

"एकही नको."

मुशीत एकेक चेहरा लाल झाला, ढिला पडला आणि बसला. पहिलं नाणं मी माझ्या हातानं टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चांदीची लगड तिथेच सोडून आलो.

त्या दुपारी ठोका आला नाही. तिनं वाटीभर पेज खाल्ली, थेंब सांडला नाही. "गाल मोकळा झाला हो," म्हणाली. कित्येक महिन्यांनी मी पडल्या पडल्या झोपलो.

पुढचे दिवस सुखाचे गेले. तिनं कंगवा मागितला. "केस वर बांधून द्या, मान मोकळी दिसू दे." मी चिडवलं, "कुठे निघालीस नटून?" ती नुसती हसली. मग ती एकाच कुशीवर, खिडकीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मला बरंच वाटलं, कूस बदलायचे कष्ट वाचले.

आज सकाळी दूध घेऊन आत गेलो, तर बारीक आवाज येत होता. कर्र... कर्र... माझ्या बिघडलेल्या कानालासुद्धा आला, अगदी जवळून. ती हनुवटी उचलून, डोळे उघडे ठेवून पडली होती.

"अगं, अवघडशील. वळवू का जरा?"

तिचे ओठ हलले नाहीत, पण आवाज तिचाच आला. "नको... हलू नको म्हणालाय."

"कोण म्हणालाय?"

"कानच राहिलाय म्हणतो... मग झालं."

दूध खाली ठेवून मी तिच्या उशाशी बसलो. जुनी नाणी वितळली, ठसा निकामी झाला, म्हणून टांकसाळ कधी बंद पडते का? नवा ठसा कोरायला घेतात, नव्या चेहऱ्याचा. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. उभा जन्म यात घालवलेल्या मला मुशीपुढे उभं असताना ते आठवलं नाही. आपण तिला वाचवतोय, असंच मी समजत होतो.

उशीवर, तिच्या कानाखाली, करडा कीस पडला होता. चिमटीत धरला तर टोचला. आपण खोटी चांदी ओळखायला लोहचुंबक ठेवतो ना, तेच नेऊन लावलं. सगळा कीस उडून त्याला चिकटला. पोलाद आहे ते, ठशाचं.

तेव्हापासून उशी झटकतोय. झटकली की परत पडतो. तुम्ही बसा, मी जरा आत जाऊन येतो.