गोदामापुढच्या चौकातला डबा

ही रचलेली गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली, ती अक्का आजही त्याच खुर्चीत बसते.

पाच गावांनी सरकारी निधीतून पोलिसांसाठी मिळून एकच देखरेख केंद्र उभारलं होतं. भिंतभर पडदे, त्यांवर पाचही गावांचे रस्ते. त्यांवर लक्ष ठेवायचं काम अक्काचं. केंद्राचा प्रमुख तिचा सख्खा मामा.

कोपऱ्यातला एक पडदा मात्र कायम काळा. गोदामापुढच्या चौकाचा.

"तो चौक वरच्या मजल्यावर बघतात गं," मामा सांगायचा.

म्हणून अक्काने धाकट्या भावाला बजावलं होतं, "कामावरून त्याच चौकातून येत जा. तिथे आपली नजर आहे."

तो तसाच यायचा. खांबाखाली थांबून, वर टांगलेल्या कॅमेऱ्याच्या डब्याकडे बघून हात हलवायचा. घरी आला की विचारायचा, "दिसलो का?"

"वरच्यांना दिसलास. पुरे आता, जेव."

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, त्याच खांबाखाली त्याला कुणीतरी भोसकलं. तो जागीच गेला.

अक्काने चित्रण मागितलं. मामाने मान खाली घातली.

डब्यात कॅमेरा नव्हताच.

तो चौक ज्या गावात होता, त्या गावाच्या वाट्याचा निधी आलाच नव्हता आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. मामाने रिकामा डबा टांगून वेळ मारून नेली होती.

"नुसता डबा बघूनही चोर घाबरतात, असं वाटलं मला."

सख्ख्या मामाने केसाने गळा कापला होता. अक्काने त्याच्याशी बोलणं टाकलं.

महिन्याभराने, दिवे लागायच्या वेळी...

कोपऱ्यातला काळा पडदा उजळला.

चौक दिसला. रिकामा. आणि मग...

धाकटा आला.

खांबाखाली थांबला. वर बघितलं.

अक्काचा हात आपोआप उठला.

त्याचा उठला नाही.

तो नुसता बघत राहिला... आणि निघून गेला.

मागे मामा उभा होता. त्याने पडद्यामागे हात घातला.

वायर जोडलेलीच नव्हती.

मग रोज तेच. शेवटी मामाने हातापाया पडून निधी आणला आणि चौकात खराखुरा कॅमेरा बसवला. आता तिथलं झोपलेलं कुत्रंसुद्धा स्पष्ट दिसतं.

फक्त दिवे लागायच्या वेळी तो पडदा काळा होतो.

एक माणूस चौक ओलांडेल, तेवढाच वेळ.

दुरुस्तीवाले येऊन गेले. बिघाड सापडला नाही.

अक्का रोज त्या काळ्या पडद्यासमोर हात हलवते.

"दिसले का रे?" असं विचारते.

पलीकडून अजून काहीच आलेलं नाही...