येत्या गुरुवारची फाइल

पक्षाघाताने आईची वाचा गेली, त्याला बरेच महिने उलटले होते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकवा, जुन्याकडून नव्याकडे. महिनाअखेरपर्यंत एक शब्दही आला नाही, तर उपचार थांबवावे लागतील."

लेक रसायनशास्त्रज्ञ. आईने फोनवर पाठवलेले शेकडो बोलके निरोप तिने संगणकावर जपले होते. पण फाइलींची नावं म्हणजे नुसता आकड्यांचा गुंता. रविवारी सकाळी खिडकीपाशी, आईच्या शेजारी बसून तिने सगळ्यांना एकदम नवी नावं द्यायचं ठरवलं. नमुना साधा होता : आधी 'आई_', मग फाइलीतच नोंदलेली ध्वनिमुद्रणाची तारीख.

"ताई, आता आईलाही बाटलीसारखं लेबल लावणार का?" धाकट्या भावाने फोनवरून चिडवलं.

"बाटल्या निदान मध्ये मध्ये बोलत नाहीत. ठेव फोन."

तिने कळ दाबली. नावं शिस्तीत रांगेला लागली. शेवटच्या नावावर येत्या गुरुवारची तारीख होती.

घड्याळ चुकलं असणार. तिने तपासलं, चुकलं नव्हतं. तिने कानाला हेडफोन लावले.

"पंखा बंद कर गं. आणि रडतेस काय अशी?" पाठीमागे काहीतरी खणकन पडलं.

आवाज आईचाच, पण जिभेला जडपणा आलेला. आजारापूर्वी आई अशी कधीच बोलली नव्हती.

तिने कुणाला सांगितलं नाही. निरीक्षकाने प्रयोगात ढवळाढवळ करू नये.

गुरुवारी दुपारी आईला सूप भरवताना मात्र, काही ध्वनिमुद्रित होऊच नये म्हणून, तिने फोन मुद्दाम बंद करून कपाटात ठेवला होता. डोळे कोरडे ठेवायचे, हेही पक्कं केलं होतं.

आईने वर पाहिलं. ओठ हलले.

"पंखा... बंद कर गं."

चमचा खणकन खाली पडला.

"आणि रडतेस काय अशी?"

बातमी ऐकून उपचारवाल्या बाई हसल्या की रडल्या, कळेना. भाऊ म्हणाला, "ताई, मी निघालोच!"

संध्याकाळी तिने संगणक उघडला. गुरुवारच्या फाइलीखाली नवी नावं उभी होती. आई_, आई_, आई_. पुढच्या वर्षाची, त्याच्याही पुढच्या वर्षांची. शास्त्रज्ञाला न शोभणारं हसू तिच्या चेहऱ्यावर पसरलं. आई पुष्कळ बोलणार होती.

ती यादीच्या तळाशी पोचली. तिथे फार दूरच्या वर्षातली एकच फाइल होती.

नमुना तिने सगळ्यांना एकच दिला होता. हे नाव मात्र भाऊ तिला मारतो त्या हाकेने सुरू होत होतं : 'ताई_'.