मुठीतली राणी

"मूठ आवळा," ती म्हणाली.

"आवळलेलीच आहे," तो म्हणाला.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळी नुसती झुंबड असते. उपाशीपोटी आलेली, वैतागलेली माणसं आणि त्यांच्या मधोमध ती. दंडाला रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा, सुई, झालं, पुढचे! तिच्या हाताला असा झपाटा होता की लॅबमध्ये तिला सगळे 'घाई' म्हणायचे. घरी मावशीही तेच म्हणायची, फक्त कपाळावर हात मारून. कारण हीच घाई लहानपणी कुंडीत बी पेरायची आणि उगवलं का ते बघायला दुसऱ्याच दिवशी उकरायची. एकही झाड तिच्या हातून जगलं नव्हतं.

त्याच्या हातावर स्पिरिट चोळून झालं, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला.

"मॅडम, एक सांगू? मला सुई नको होती. नुसती काचेची नळी हवी होती... रिकामी."

"मग खुर्चीत कशाला बसलात?"

"तुम्ही 'पुढचे' म्हणालात. पुढे मीच होतो."

तिला हसू आलं, पण मागची रांग बघून तिनं ते मास्कच्या आतच ठेवलं. "बरं, मूठ तरी उघडा आता."

"उघडतो. पण हळू हं... आत राणी आहे."

उपाशीपोटी माणसाचं डोकं फिरतं हे तिला माहीत होतं, पण इतकं? त्यानं अलगद बोटं उघडली. तळहातावर काडेपेटी होती. तिचा खण त्यानं जरासा सरकवला, तर आत ओल्या पानाच्या तुकड्यावर एक मोठी, तपकिरी, चकचकीत मुंगी बसली होती.

"लिफ्टच्या खड्ड्यात सापडली," तो म्हणाला. अंगात निळा डगला, बाहीला ग्रीस. इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस होता तो. "काल पाऊस उघडल्यावर उडाली असणार. आता घर शोधत होती. कोणाच्या तरी बुटाखाली गेली असती."

"मुंगी?"

"राणी," त्यानं अशा अदबीनं दुरुस्ती केली, की ती राणी जशी काही शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"अहो, आम्ही उपाशी मरायचं का इथं?" मागून एक आजोबा कडाडले. तिनं पटकन एक टेस्ट ट्यूब काढून त्याच्या हातात दिली. वर कापसाचे दोन बोळे दिले. का दिले, ते तिचं तिलाही कळलं नाही.

लिफ्ट दुरुस्त झाली, पण लिफ्टवाल्याचं येणं काही थांबेना. कधी दार कुरकुरतं म्हणून, कधी बटण अडकतं म्हणून. येता-जाता तो लॅबमध्ये डोकावायचाच. लॅब तळमजल्यावर होती, तिथं लिफ्टनं यायची कोणालाच गरज नव्हती, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

दुपारी गर्दी ओसरली की तो चहाचे दोन कप घेऊन यायचा आणि राणीची खबरबात सांगायचा. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापूस, मग राणीची खोली, तोंडाशी पुन्हा कापूस. हा त्याचा जुना छंद. खोलीत एका फळीवर अशा नळ्यांची रांग होती म्हणे.

"आणि ती खाते काय?"

"काही नाही. आयुष्यात एकदाच उडते, मग आपले पंख आपणच तोडते आणि अंधारात बसते. पंखांचं बळ अंगात जिरवून त्यावरच पहिली पोरं वाढवते."

"आपले पंख... आपणच?" तिचा कप ओठांशीच थांबला. "आणि जागा चुकली तर?"

"म्हणून तर आधी खूप फिरते. मग एक जागा आवडते... आणि बसते." हे बोलताना तो कपाकडे बघत होता, पण कान मात्र लाल झाले होते.

एकदा मात्र त्यानं कहर केला. ऐन गर्दीत तो दारातून सारखा डोकावू लागला. तिची सुई एका घाबरट बाईच्या शिरेवर टेकलेली. ती म्हणाली, "हे बघा, काम चालू असताना कोणी सारखं डोकावलेलं मला मुळीच खपत नाही!"

म्हणाली ती हसत हसत. पण तोंडावर मास्क होता, आणि मास्कच्या आतलं हसू बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो तिच्या घरी आला. हातात काळ्या मोज्यात गुंडाळलेली नळी होती. परगावी नव्या इमारतीत लिफ्टा बसवायचं काम निघालं होतं, महिनाभर तरी परतणं नव्हतं. बाकीच्या नळ्यांतल्या मुंग्यांच्या वसाहती जुन्या आणि धट्ट्याकट्ट्या, त्या त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहणार होत्या. "पण हिनं आत्ताच अंडी घातलीत. हिला... तुमच्याकडेच ठेवावंसं वाटलं."

मावशीनं नाकाला पदर लावला. या घरात साखरेचा डबासुद्धा पाण्याच्या ताटलीत उभा असायचा, मुंग्यांच्या धाकानं. "मुंगीला पंख फुटले की तिचा शेवट जवळ आला म्हणतात," ती म्हणाली.

"बरोबर आहे मावशी. पण हिचे पंख गळलेत. म्हणजे आता संसाराला सुरुवात."

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि न विचारता चहा टाकला.

निघताना तो घाईला म्हणाला, "एकच करा. कपाटात अंधारात ठेवा आणि बघू नका. उजेड, धक्का काही लागलं तर ती घाबरते. घाबरली की... आपलीच अंडी खाते."

"नाही बघणार."

"नक्की?"

"अहो, मी काय लहान आहे?"

पहिला दिवस तिनं काढला. दुसऱ्या दिवशी वाटलं, कापूस सुटला असेल तर? उगाच एकदा बघावं. काळा मोजा जरासा सरकवला. राणी होती, पायांशी साखरेच्या कणांसारख्या पांढऱ्या अंड्यांचा पुंजका होता. तिचा जीव भांड्यात पडला. मग रोजच वाटू लागलं, एकदा बघावं. सकाळी एकदा. कामावरून आल्यावर एकदा. आणि खरं सांगायचं तर राणीपेक्षा जास्त वेळा ती फोन बघत होती. त्याचा ना फोन, ना निरोप. एक साधं 'पोचलो'सुद्धा नाही. फोन गप्प राहिला की ती कपाट उघडायची. निदान तिथं तरी त्याचं काहीतरी होतं.

मग एका संध्याकाळी तिनं मोजा सरकवला. राणी कोपऱ्यात बसली होती. अंडी नव्हती. एकही नव्हती.

ती तिथंच फरशीवर बसून रडली. एका मुंगीसाठी रडतेय याची लाज वाटून आणखी रडली. त्यानं विश्वासानं एकच गोष्ट तिच्याकडे ठेवली होती, आणि तिनं ती कुंडीतल्या बियांसारखी उकरून उकरून मारली. आता तो येईल, नळी घेईल आणि जाईल. परत यायला कारणच उरणार नाही.

"एवढंच ना?" मावशी म्हणाली. "ओट्याच्या फटीतल्या चार मुंग्या उचल आणि टाक नळीत. त्याला कुठं कळतंय कोणाची कोण!"

"मावशी! परक्या मुंग्या तिला मारून टाकतील."

"मग खरं सांग. खोटं बोलायलाही धीर लागतो, आणि तो तुझ्यात मुळीच नाही."

तो परतला तो थेट लॅबच्या रांगेत उभा राहून. "पुढचे!" म्हणून तिनं मान वर केली तर समोर तोच, बाही वर करून खुर्चीत बसलेला. उन्हानं रापलेला, पण हसू तेच. तिच्या हातातला रबरी पट्टा खाली पडला.

"राणी कशी आहे?"

ती मास्क काढून एका दमात बोलली, "मी बघितलं. रोज बघितलं. तिनं अंडी खाल्ली. माझ्यामुळे. तुम्ही चिडा, काय वाटेल ते बोला, पण नुसते निघून जाऊ नका."

त्यानं वर केलेली बाही खाली सारली. मग तो हळूच म्हणाला, "माझ्या पहिल्या राणीनंही खाल्ली होती. मी तर टॉर्च मारून बघायचो."

"मग... चिडला नाहीत?"

"तिला साखरपाण्याचा एक थेंब दिला, की परत घालेल. राण्या अशा हार मानत नाहीत." तो घुटमळला. "पण तुम्ही रोज बघायचात... इतकं काय होतं त्या नळीत?"

"तुम्ही फोन का नाही केलात?" तिचा आवाज चढला. "एकदाही?"

तो गोंधळला. "तुम्हीच म्हणालात, काम चालू असताना कोणी डोकावलेलं खपत नाही. मला वाटलं... आपलं आत्ता कुठं सुरू होतंय. नवी वसाहत असली की हलवायची नाही, उघडायची नाही, कितीही वाटलं तरी. रोज फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. फार अवघड गेलं हो."

ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग दोन्ही एकदम झालं. "अहो, मी काय मुंगी आहे? मला अंधारात ठेवलं तर मी वाळून जाईन! मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून, त्या काडेपेटीसकट. मी घाईच आहे, मला थांबता येत नाही, म्हणून आत्ताच सांगते."

"मलाही..." तो म्हणाला. त्यानं नुसताच हात पुढे केला.

"अहो, आज तरी आमचं रक्त निघणार का?" मागून तेच आजोबा ओरडले. पण या खेपेला हसत.

संध्याकाळी मावशीनं ताटलीतून साखरेचा डबा उचलला, चिमूटभर साखर पाण्यात विरघळवली आणि काडीच्या टोकावर एक थेंब घेऊन स्वतः नळीशी वाकली. "घे बाई," ती राणीला म्हणाली, "बाळंतिणीनं उपाशी राहू नये."

राणी थेंबाशी आली. मिशा हलल्या. ती प्यायली.

"आता तुमच्याकडे नेणार हिला?" घाईनं दबक्या आवाजात विचारलं.

"नको. कशाला हलवायची? जागा आवडलीय तिला." त्यानं नळीवर काळा मोजा चढवला, कपाटाचं दार लावलं आणि तिच्याकडे वळला. "हिला आता महिनाभर कोणीच बघायचं नाही. कबूल?"

"कबूल. आणि मला?"

"तुला रोज," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "काम चालू असतानासुद्धा."