उजव्या पायाचं खोटं

पहिल्याच भेटीत अंकुशनं नंदिनीच्या पायावर असा काही पाय दिला, की तिची चप्पल तुटली. बिचाऱ्याचा इलाज नव्हता. इतवारी बाजारात भिवापुरी मिरचीच्या पोत्यांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली होती. त्या दिवशी अर्धी इतवारी शिंकत होती आणि उरलेली अर्धी डोळे पुसत होती, असं सांगतात. तेव्हापासून त्याचा उजवा पाय कुणाचंच ऐकेना.

"सॉरी मॅडम... पाय माझा आहे, पण माझ्या हुकमात नाही."

"मग माझ्या हुकमात येईल," तुटकी चप्पल हातात घेऊन ती म्हणाली. त्याची फिजिओथेरपिस्ट तीच निघाली!

तिनं कागदावर पाठीचा कणा काढून समजावलं. चालण्याचा हुकूम डोक्याच्या तळाशीच बाजू बदलतो, मग सरळ खाली उतरतो. टोचल्या-भाजल्याची खबर मात्र कण्यात शिरल्याबरोबर पलीकडे जाते आणि तिकडून वर चढते. म्हणून मार कण्याच्या उजव्या बाजूला, तर लुळा उजवा पाय... आणि बधिर डावा. दोनदा सांगितलं तिनं. दोन्ही वेळा अंकुशनं तिच्या गालावरच्या खळीकडे बघत मान हलवली.

डाव्या पायाचं बधिरपण महिन्याभरात गेलं. उजवाही हळूहळू उचलला जाऊ लागला. कूलरच्या ओल्या खसाचा वास, तिच्या बांगड्यांची किणकिण... रोज जाताना तो तिला चहाला बोलवायचा, रोज ती हसून नाही म्हणायची.

चौथ्या महिन्यात ती म्हणाली, आज शेवटची तपासणी, सगळं ठीक निघालं की सुट्टी. हा शब्द अंकुशला मिरचीच्या पोत्यांपेक्षा जड लागला. तपासणीसाठी त्यानं डोळे मिटले आणि मनात बेत केला. अजून जरासा लंगडत होता तो उजवाच. लबाडीचा मानही त्यालाच.

डाव्या पायाला टाचणी लागली. टोचतं, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग उजव्याला.

"काहीच नाही, मॅडम. एकदम बधिर."

तिनं पुन्हा टोचलं, जरा जोरात. तो नाही म्हणाला. पण अंगठा टुणकन वर उडाला.

"अंकुशजी, उजव्या पायाची टोच कण्यात कुठून वर जाते?"

त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले.

"डावीकडून. आणि तुमच्या कण्याची डावी बाजू पहिल्या दिवसापासून धडधाकट आहे. खोटं बोलायचं होतं, तर पाय तरी बरोबर निवडायचा... काहून बोलून राहिले खोटं?"

अंकुशनं डोळे उघडले, थेट तिच्याकडे बघितलं. "सुट्टी झाली तर तुम्ही रोज दिसणार नाही. मले ते चालणार नाही."

नंदिनीनं मान खाली घालून कागद लिहिला, सही केली आणि त्याच्यापुढे सरकवला. सुट्टी! अंकुशचा चेहरा पडला.

"चार महिने चहाचं विचारून राहिले," ती म्हणाली. "मी नाही काहून म्हणते, हे एकदा तरी विचारलं?"

"...काहून?"

"पेशंटसोबत मी चहा पीत नाही." तिनं पर्स खांद्यावर घेतली. खळी उमटली. "आता तू पेशंट आहे का गा?"

त्या सलगीच्या 'गा'नं अंकुशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चाल. आणि जपून, चप्पल नवी आहे."

हुकूम मेंदूतून निघायच्या आत त्याचा उजवा पाय दाराशी पोचला होता.