छातीवर ठेवलेला फोन

पंच्याण्णव साली आमच्याकडे फोन आला. नीलानं, आमच्या मुलीनं, मस्कतहून पैसे पाठवून तो बसवून घेतला. बाबा आजारी आणि आपण इतक्या लांब, निदान खबर तरी लागावी म्हणून.

कळव्याला तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. माझ्या मालकांना, दामाजींना, फुप्फुसाचा कॅन्सर. सारा जन्म खाडीत होडी वल्हवण्यात गेलेला, आणि आता कुशीवर वळायलाही माझा हात लागायचा. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघू. मग ठाण्याच्या दवाखान्यातून हेमा सिस्टर रोज दुपारी फोन करायची. औषध कधी द्यायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कसं वळवायचं, ती सांगायची आणि मी करायचे. शेवटी म्हणायची, "मावशी, आता फोन त्यांच्या छातीवर ठेवा." वायर खाटेपर्यंत यायची. ती श्वास ऐकायची.

त्यातच नीलाची रजा मंजूर झाली. शनिवारी येणार. घरात लग्न असल्यासारखी धावपळ सुरू झाली. मी पडदे धुतले, डबे घासले, बाजारात मासळीवाल्या बाईला जिताड्याचं सांगून ठेवलं. मालक उशीला टेकून हुकूम सोडायचे. मनात मात्र दोघांच्याही एकच धास्ती होती, तोवर श्वास पुरेल का.

अशातच एका दुपारी सिस्टरनं विचारलं, त्यांच्या शेजारी कोण झोपलंय?

मला हसू आलं. म्हटलं, या खाटेवर हे एकटेच कसेबसे मावतात.

"मला दोन श्वास ऐकू येतात, मावशी."

क्रॉस कनेक्शन असेल, असं तीच म्हणाली. तसं व्हायचंही तेव्हा. मी फोन कपाटाला लावला, तिला काही ऐकू आलं नाही. माझ्या छातीला लावला, एकच श्वास. पंखा बंद केला, खिडकी लावली, पुन्हा त्यांच्या छातीवर ठेवला. दोन.

पुढच्या वेळी तिनं नीट सांगितलं. एक श्वास यांचा, तुटका, घरघरणारा. दुसरा लांबून येणारा, पण दमदार. आधी जोर लावल्यासारखा, मग सुटल्यासारखा, मग जरा थांबून पुन्हा जोर. सिस्टर जळगावकडची. तिला तो काही ओळखू येईना.

मला आला. नवऱ्याबरोबर होडीत बसून मी तो उभा जन्म ऐकला होता. वल्हं मारणाऱ्या माणसाचा श्वास.

मी मालकांना सांगितलं. वाटलं होतं, घाबरतील. त्यांचा चेहरा एकदम खुलला. कुठवर आलाय, विचार सिस्टरला, म्हणाले. मी काही विचारलं नाही. पण सिस्टरच दर दुपारी सांगू लागली, आज जवळून येतोय, आज आणखी जवळून. त्या दिवसांत मालक दोन घास जास्त जेवू लागले. दाढी करून घेतली. आरशात बघून म्हणाले, "एकटा वल्हवतोय बिचारा. दमेल तो."

मला रडू फुटलं. पोर येईपर्यंत तुम्ही कुठं जायचं नाही, म्हटलं.

"भरतीचं पाणी उतरायच्या आत त्याला निघायला लागेल, जने."

"आणि नीला?"

त्यांनी माझा हात थोपटला. मग म्हणाले, "बघतो काय करता येतं ते."

शनिवार उजाडला. विमानाला उशीर झाला. दुपारी सिस्टरचा फोन आला. मी पंखा बंद केला आणि फोन छातीवर ठेवला. थोड्या वेळानं मी फोन कानाला लावला.

"आता दोघांचे श्वास एका लयीत आहेत," ती हळू म्हणाली. "मावशी, लांब चाललेत."

मी पुन्हा ठेवला. पुन्हा कानाला घेतला.

"काहीच ऐकू येत नाही. मावशी, मी निघते तिकडं यायला. तुम्ही बसा. एकट्या आहात का?"

मी खाटेकडे बघितलं.

मालक डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होते.

"पोर आली का गं?" त्यांनी विचारलं.

घरघर नव्हती. आवाज स्वच्छ होता, तरुणपणी होता तसा. माझ्या हातून फोन सुटला.

तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. नीला जिना धावत चढून आली, बॅग दारातच टाकून बाबांच्या गळ्यात पडली. हसत होती, रडत होती. किती छान दिसताय तुम्ही, म्हणत होती. आई उगाच घाबरवते. तेही हसले. मस्कतला मासळी कसली मिळते ते विचारलं. जावयाची चेष्टा केली. मग चहा मागितला.

मी चहा केला, कडकडीत गरम. नीलानं कप त्यांच्या ओठांपाशी धरला. ते तिला भराभर काही सांगत होते, थांबत नव्हते.

मी समोर उभी होते. कपातली वाफ त्यांच्या तोंडासमोरून सरळ वर जात होती. जराही हलत नव्हती.