मशीनचं खोपटं

मशीन ठणठणीत होतं आणि खोली तापत होती. कोडं एवढंच होतं.

खोली म्हणजे किमयाच्या आत्याची, रेशीमकिड्यांची. जालन्याजवळच्या त्या गावात आता बऱ्याच घरांमागे अशी खोली असते आणि रेशीम केंद्राचा यंत्रमानव अधूनमधून तपासणीला येतो. (अजून येत नाही. तुम्ही मोठे व्हाल तोवर येईल.) काटक्यांसारख्या लांब पायांमुळे सगळे त्याला बगळ्या म्हणतात.

एरवी अळ्या तुतीचा पाला खात असल्या की कुरकुर आवाज दाराबाहेर ऐकू यायचा. आज आवाज जवळजवळ थांबला होता. खोलीत पंचवीस अंश हवे होते. तापमापकाचा काटा तिसाच्या वर गेला होता.

मागच्या उन्हाळ्यात आत्याच्या सगळ्या अळ्या उष्म्याने मेल्या होत्या. म्हणून तर यंदा एसी आला. "ही बॅचही गेली, तर हे बांबूचे रॅक मोडून चुलीत घालीन," असं ती म्हणाली होती. आत्या बोलते तसं करते, हे किमयाला माहीत होतं.

बगळ्याने तपासणी संपवली. "एसी निर्दोष आहे. वायूचा दाब ठीक, पंखा ठीक, जाळी स्वच्छ."

"मग माझी लेकरं उपाशी का बसलीत?" आत्या कडाडली. "निर्दोष म्हणे!"

किमयाने विचारलं, "बगळ्या, एसी गारवा आणतो तरी कुठून?"

"गारवा आणत नाही. उष्णता नेतो. हमालच तो. नळ्यांमधून शीतक (उष्णता उचलणारा आणि सोडणारा पदार्थ) फिरत असतो. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेरच्या मशीनमध्ये येतो. तिथला पंखा मागून हवा ओढतो, तापलेल्या नळ्यांवरून नेतो आणि उष्णतेसकट समोर फेकतो."

"आणि फेकायला जागाच नसली तर?"

बगळ्याचा हिरवा दिवा मिचमिचला. "मी मशीन तपासलं," तो हळूच म्हणाला. "जागा तपासली नाही."

तिघं खोलीच्या मागे गेले. मशीन दिसतच नव्हतं. दिसत होतं एक टुमदार खोपटं: दोन्ही बाजूंना पत्रे, डोक्यावर पत्रा, समोर हिरवी शेडनेट, तीही दुहेरी.

"गेल्या आठवड्यात मीच केलं," आत्या कौतुकाने म्हणाली. "उन्हात करपत होतं बिचारं. वर वानरं बसून शेंगा खायची ते वेगळंच."

"आत्या, उदबत्ती आणू? धूर कुठे जातो ते बघू या."

"खबरदार! धुराने अळ्या आजारी पडतात."

किमया विचारात पडली. मग पळत जाऊन तिने हिवाळ्यातल्या कोषांवरचा हलका रेशीमकापूस आणला, त्याचा एक धागा काडीला बांधला आणि शेडनेट जरा बाजूला करून मशीनच्या तोंडाशी सोडला. धागा झपकन पुढे उडाला, नेटवर आपटला, वर चढला, मशीनच्या डोक्यावरून मागे वळला आणि मागच्या जाळीला जाऊन चिकटला.

"अगं आत्या, हे टाकलेली हवाच परत ओढतंय!"

बगळ्याने आपलं लांब बोट आत घातलं. "बाहेर चाळीस अंश. मशीनच्या मागे त्रेपन्न. हमाल पोतं खाली ठेवतो, की कोणीतरी तेच पोतं पुन्हा त्याच्या पाठीवर देतं. मग संपीडक (वायू दाबून पुढे ढकलणारा पंप) दमतो, वीज जास्त खातो आणि खोलीतली उष्णता खोलीतच राहते."

आत्याने तापलेल्या पत्र्याला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मीच कोंडलं की त्याला."

"सावली दिलीत ते बरोबर, आत्याबाई," बगळ्या म्हणाला. "भिंती दिल्यात त्या जास्त झाल्या."

आत्याने पदर खोचला आणि पहिला पत्रा स्वतःच्या हाताने उचकटला. बगळ्या स्क्रू गोळा करता करता सांगत होता. मशीनमागे भिंतीपर्यंत हातभर फट असावी, ती बसवणाऱ्याने ठेवली होतीच. दोन्ही बाजूंनी हवा शिरायला वाट हवी, दुरुस्तीला माणूसही शिरला पाहिजे. पाला, माती साचू नये म्हणून खाली स्टँड. आणि समोर अंगण रिकामं, हात पसरून गोल गिरकी घेता येईल एवढं तरी. नेमकी मापं मशीनसोबतच्या पुस्तिकेत असतात.

"ती मी कपाटात जपून ठेवलीय," आत्या म्हणाली. वाचली आहे असं काही ती म्हणाली नाही.

"आणि छप्पर?" किमयाने विचारलं.

"चार बांबूंवर, उंच, चारी बाजूंनी मोकळं. वानरंही मग मशीनऐवजी तिथेच बसतील."

"म्हणजे त्यांना माडी बांधून देऊ मी!" आत्या म्हणाली, पण बांबू शोधायला गेली.

किमयाने पुन्हा धागा सोडला. या वेळी तो सरळ निघाला आणि तुतीच्या शेतावरून दिसेनासा झाला.

काटा मात्र लगेच हलला नाही. तिघं दाराशी बसून राहिले. ऊन कलायला लागलं तसा तो सावकाश खाली सरकला. तेवढ्यात आतून आवाज आला. कुरकुर. थांबून पुन्हा, कुरकुर कुरकुर. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि घाम पुसल्यासारखं केलं.

पुढच्या खेपेला बगळ्या आला तेव्हा अळ्या माना डोलवत कोष विणत होत्या आणि आत्या कुरडयांची खाट घेऊन मशीनसमोर उभी होती.

"एवढी गरम हवा फुकट जातेय. कुरडया तरी वाळतील."

"अजून मागे, आत्याबाई."

"आणखी?"

"आणखी."

किमया खाटेचं दुसरं टोक धरून मागे मागे सरकत होती. उचललेली उष्णता अशी उघड्यावर टाकण्याऐवजी एखाद्या कामालाच जुंपणारं मशीन कसं असेल, असा विचार तिच्या डोक्यात घोळत होता. त्या नादात ती थेट तुतीच्या वाफ्यात जाऊन पोचली.

"आता पुरे," बगळ्या म्हणाला.